असाइनमेंट ऑनलाइन जमा करताना: फाइल तयार करण्यापासून पोचपावतीपर्यंत

मी तपासायला बसते तेव्हा माझ्या स्क्रीनवर वर्गाची यादी उघडते. प्रत्येक विद्यार्थ्यासाठी एक ओळ: नाव, सबमिशनची स्थिती, शेवटचा बदल कधी झाला ती वेळ आणि फाइल. तुम्ही किती वाचलं, किती वेळा खोडून पुन्हा लिहिलं, यातलं काहीच त्या ओळीत दिसत नाही. कोणाच्या नावापुढे ‘ड्राफ्ट’ (म्हणजे अजून जमा न केलेला मसुदा) असतं, कोणाची फाइल उघडतच नाही, कोणाच्या फाइलमध्ये आडवी पडलेली, कडेला कापली गेलेली पानं असतात. या मुलांनी काम केलेलं असतं, याचंच जास्त वाईट वाटतं. यातल्या बहुतेक गोष्टी थोडी काळजी घेतली तर टळतात.

काम जमा करायचं पोर्टल म्हणून तुमच्या कॉलेजात मूडल असेल, गूगल क्लासरूम असेल, कॅनव्हास किंवा ब्लॅकबोर्ड असेल. मूडल २००२ पासून आहे आणि ते मुक्त स्रोत (कोणालाही कोड घेऊन बदलता येईल असं) असल्यामुळे प्रत्येक संस्था आपल्या सोयीने बसवून घेते. म्हणून मैत्रिणीच्या कॉलेजातलं मूडल तुमच्यापेक्षा वेगळं दिसलं तर गोंधळू नका. क्लासरूम २०१४ मध्ये आलं आणि ते सगळीकडे साधारण सारखंच दिसतं. बटणांची नावं आणि जागा बदलल्या तरी कामाचा क्रम तोच राहतो: सूचना वाचा, फाइल नीट बनवा, अपलोड करा, शेवटचं बटण दाबा आणि जमा झालेली फाइल स्वतः उघडून बघा. ही शेवटची पायरी जवळजवळ सगळे गाळतात.

सूचनांचं पान

असाइनमेंटचं पान पहिल्या दिवशीच उघडा, लिहायला सुरुवात करायच्या आधी. कोणत्या प्रकारची फाइल चालेल, एका फाइलचा आकार किती असावा, किती फाइल जोडता येतील, एकदा जमा केल्यावर बदलता येईल का, ही माहिती बहुतेक वेळा त्याच पानावर असते. फक्त पीडीएफ स्वीकारणाऱ्या ठिकाणी वर्डची फाइल घेऊन शेवटच्या दहा मिनिटांत पोचलात, तर चांगलं लिहिलेलं कामही अडकतं.

मूडलवर दोन तारखा असू शकतात. पहिली मुदतीची. ती उलटली तरी काम जमा होतं, पण त्यावर उशिराचा शिक्का बसतो. दुसरी कट-ऑफची. ती उलटल्यावर जमा करायचं बटणच राहत नाही, आणि शिक्षकांनी तुमच्यापुरती मुदत वाढवून दिल्याशिवाय काही करता येत नाही. शिक्षकांनी कट-ऑफ ठेवलीच नसेल तर काम नंतरही जमा होतं, पण उशिराचे गुण किती कापायचे हे कॉलेजच्या नियमांवर असतं. ‘सिस्टीमने घेतलं म्हणजे चाललं’ असं धरून चालू नका.

रात्री बाराच्या मुदतीत तर हमखास घोटाळा होतो. पानावर ‘१५ मार्च, १२:०० एएम’ लिहिलेलं असेल तर ती वेळ १५ तारखेची सुरुवात आहे. म्हणजे १४ तारखेची रात्र संपते तो क्षण. १५ तारखेच्या संध्याकाळी निवांत बसलेला विद्यार्थी तेव्हा जवळजवळ एक दिवस उशिरा असतो. मूडलमध्ये मुदतीची वेळ मुळातच मध्यरात्रीची येते आणि शिक्षकांनी ती बदलली नाही तर तशीच राहते. कॅनव्हासमध्ये वेळ दिली नसेल तर रात्री ११:५९ धरली जाते, तिथे हा गोंधळ कमी. शंका असेल तर वर्गात विचारा, तुमच्यासोबत इतरांचंही भलं होईल. दुसऱ्या देशात बसून शिकत असाल तर मूडलच्या प्रोफाइलमधला टाइम झोनही तपासा, कारण दिसणाऱ्या वेळा त्यानुसार बदलतात.

गटाने करायचं काम असेल तर एकाने जमा केलं की सगळ्यांचं जमा होतं, की प्रत्येकाने आपापलं बटण दाबायचं, हेही आधीच बघून घ्या. मूडलमध्ये दोन्ही प्रकार असतात. दुसऱ्या प्रकारात एक जण जरी बटण दाबायचा राहिला, तर पूर्ण गटाचं काम ड्राफ्टमध्येच अडकतं.

टाइप केलेली फाइल

दोन्ही चालत असतील तर वर्ड द्यावी की पीडीएफ? वाचण्यासाठी पीडीएफ चांगली. तुमच्या लॅपटॉपवर दिसणारी पानं तशीच माझ्याकडे दिसतात, तक्ते सरकत नाहीत, समीकरणं मोडत नाहीत. पण शिक्षक वर्डमध्येच शेरे लिहिणार असतील आणि त्यांनी तसं सांगितलं असेल तर वर्डच द्या. ॲपलच्या पेजेसमध्ये लिहिलं असेल तर ती फाइल मात्र तशीच देऊ नका. समोरच्याकडे ती उघडेलच असं नाही. ‘एक्स्पोर्ट’ करून पीडीएफ किंवा वर्ड बनवा.

वर्डमधून पीडीएफ करताना ‘सेव्ह ॲज’मध्ये जाऊन पीडीएफ निवडा. ‘प्रिंट’मधूनही पीडीएफ होते, पण तिच्यात दुवे बऱ्याचदा मरतात. मजकूर तसाच दिसतो, पण संदर्भसूचीतल्या पत्त्यांवर क्लिक केलं तर काहीच होत नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांनी फॉन्टकडे खास लक्ष द्यावं. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या मजकुरात आतून रोमन अक्षरं आणि चिन्हंच साठवलेली असतात, फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचं रूप देतो. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर वर्डची फाइल उघडली की सगळं निरर्थक दिसतं. पीडीएफमध्ये फॉन्ट आत बसतो, त्यामुळे वाचता येतं, पण इतर मजकुराशी साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला तो मजकूर मराठी म्हणून ओळखता येत नाही. तुमचा मजकूर युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला ठरावीक संकेत देणाऱ्या, सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत) आहे की नाही हे ओळखायला सोपी युक्ती आहे: वर्डमधली एक ओळ कॉपी करून ब्राउझरच्या शोधपट्टीत चिकटवा. मराठीच दिसली तर ठीक. ही चाचणी पीडीएफवर करू नका, कारण पीडीएफमधून कॉपी करताना युनिकोडमधलीही जोडाक्षरं आणि वेलांट्या कधीकधी विस्कटतात. नव्याने टाइप करणार असाल तर मंगल किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या, म्हणजे ही कटकटच उरत नाही.

फाइलला नाव देताना रोल नंबर, विषय आणि असाइनमेंटचा क्रमांक एवढं पुरे. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल खरंच शेवटचं’ अशा नावांच्या चार फाइल एकाच फोल्डरमध्ये असल्या की घाईत भलतीच अपलोड होते. नावात तिरक्या रेघा, प्रश्नचिन्हं नकोत. नाव रोमन अक्षरांत ठेवलेलं बरं, कारण सगळ्या वर्गाच्या फाइल एकत्र झिपमध्ये उतरवल्या की देवनागरी नावांची काही संगणकांवर मोडतोड होते.

नाव न बघता तपासायची पद्धत असेल, तर पानावर नाव न लिहिणं पुरेसं नाही. वर्ड आणि पीडीएफच्या गुणधर्मांमध्ये लेखक म्हणून तुमचं नाव आपोआप नोंदलेलं असतं. वर्डमधल्या ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’मधून ते आधी काढा आणि मग पीडीएफ बनवा.

हाताने लिहिलेल्या पानांचं स्कॅनिंग

गणित, रसायनशास्त्र, आकृत्यांचे विषय यांत हाताने लिहिलेलं काम अजूनही मोठ्या प्रमाणात असतं, आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. फोनच्या कॅमेऱ्याने एकेक फोटो काढून तसेच जोडू नका. चांगल्या कॅमेऱ्याचा एक फोटो तीन-चार एमबीचा असतो. पंधरा पानांचे पन्नास एमबीच्या आसपास जातात आणि बहुतेक ठिकाणची मर्यादा तिथेच ओलांडली जाते. शिवाय आयफोनचे फोटो बऱ्याचदा एचईआयसी प्रकारात साठतात, आणि अनेक पोर्टल ते घेत नाहीत.

स्कॅन करणारं ॲप वापरा. अँड्रॉइडवर गूगल ड्राइव्हच्या ॲपमध्येच स्कॅन करायची सोय आहे, आयफोनवर नोट्समध्ये आहे. ही ॲप पानाच्या कडा ओळखतात, पान सरळ करतात, सावली कमी करतात आणि सगळ्या पानांची एकच पीडीएफ देतात. पुढच्या काही गोष्टी मात्र तुमच्याच हातात आहेत.

पान खिडकीजवळ सपाट टेबलावर ठेवा आणि उजेड बाजूने येऊ द्या. डोक्यावरचा दिवा चालू असेल तर फोन धरलेल्या हाताची सावली नेमकी पानाच्या मधोमध पडते. वहीतून स्कॅन करत असाल तर शिवणीजवळचे शब्द वळणात जातात, म्हणून शक्य असेल तर सुट्या पानांवरच लिहा. शाई निळी किंवा काळी असावी. पेन्सिलीने काढलेल्या आकृत्या फिक्या येतात, त्यांच्या रेघा थोड्या ठळक करा. पान पातळ असेल तर मागच्या बाजूचं लिखाण पुढे उमटतं. त्यावर उपाय म्हणजे एकाच बाजूला लिहायचं, किंवा स्कॅन करताना पानाखाली काळा कागद ठेवायचा.

रंगीत आकृत्या नसतील तर ग्रेस्केल (करड्या छटांचं) निवडा. पानं वाचनीय राहतात आणि आकार बराच कमी होतो. एकदम कृष्णधवल केलं तर आकार आणखी उतरतो, पण फिक्या रेघा आणि बारीक घातांक गायब होण्याचा धोका असतो. गणिताच्या पेपरात मी कृष्णधवल टाळायलाच सांगेन. एक्सच्या डोक्यावरचा बारीकसा २ पुसला गेला की उत्तर चुकीचं दिसतं, आणि मूळ कागद समोर नसलेल्या तपासणाऱ्याला ते कळायला मार्ग नसतो.

पीडीएफ झाली की ती मोबाइलवर नव्हे, मोठ्या स्क्रीनवर उघडा. पानांचा क्रम बघा, सगळी पानं उभी आहेत का बघा, आणि प्रत्येक पानाची शेवटची ओळ आणि उजवी कड कापली गेलेली नाही ना ते बघा. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात लिहितानाच ‘१२ पैकी ३’ असा आकडा टाकला असेल तर हे काम फार सोपं होतं. एखादं पान राहिलं असेल तर ते तुम्हालाही लगेच कळतं आणि मलाही.

अपलोड

मूडलवर असाइनमेंटच्या पानावर ‘ॲड सबमिशन’ दाबलं की फाइलसाठी चौकट उघडते. संगणकावर असाल तर फाइल ओढून त्या चौकटीत सोडा. फाइल पिकरमधून (फाइल निवडायच्या खिडकीतून) निवडत असाल तर लक्षात ठेवा, फाइल निवडणं म्हणजे ती चढणं नव्हे. खालचं ‘अपलोड धिस फाइल’ दाबावं लागतं, आणि चौकटीत फाइलचं चिन्ह दिसलं तरच ती वर गेली. त्यानंतर ‘सेव्ह चेंजेस’.

इथे बरेच जण थांबतात. शिक्षकांनी अंतिम सबमिशनची अट ठेवली असेल तर ‘सेव्ह चेंजेस’नंतरही काम ड्राफ्टच असतं. पानावर खाली ‘सबमिट असाइनमेंट’ हे आणखी एक बटण येतं, ते दाबल्यावर ‘हे काम माझं स्वतःचं आहे’ अशा प्रतिज्ञेचा चौकोन टिक करायला सांगू शकतात, मग ‘कंटिन्यू’. स्थितीच्या रकान्यात ‘सबमिटेड फॉर ग्रेडिंग’ आलं की झालं. ‘ड्राफ्ट’ दिसत असेल तर झालेलं नाही. ड्राफ्ट तपासायचा की नाही हे शिक्षकांच्या मर्जीवर असतं, आणि त्यावर विसंबू नये.

क्लासरूममध्ये असाइनमेंट उघडा आणि ‘युवर वर्क’ या चौकटीत ‘ॲड ऑर क्रिएट’मधून फाइल जोडा. फाइल जोडली की बटण ‘टर्न इन’ होतं. काहीच जोडलेलं नसेल तर तिथेच ‘मार्क ॲज डन’ दिसतं, आणि घाईत तेच दाबलं जातं. मग माझ्या यादीत तुमचं काम पूर्ण दिसतं आणि आत काहीच नसतं. ‘टर्न इन’ केल्यावर चूक सापडली तर ‘अनसबमिट’ करता येतं, पण दुरुस्तीनंतर पुन्हा ‘टर्न इन’ करायला विसरू नका. मुदत उलटून गेल्यावर असं केलं तर पहिल्यांदा वेळेत दिलेलं कामही उशिराचं ठरतं. मूडलवरही हेच: मुदतीनंतर सबमिशनमध्ये बदल केला की बदलाची नवी वेळ नोंदली जाते. स्पेलिंगच्या एका चुकीसाठी वेळेत गेलेलं काम पुन्हा उघडू नका.

कॅनव्हासमध्ये दिलेलं सबमिशन विद्यार्थ्याला पुसता येत नाही. पुन्हा द्यायची परवानगी असेल तर नवी फाइल नवा प्रयत्न म्हणून जाते आणि जुनीही शिक्षकांना बघता येते.

सगळीकडे एक सारखी अडचण येते: अपलोड करताना वर्डमध्ये तीच फाइल उघडी असणं. वर्ड त्या फोल्डरमध्ये एक छोटी तात्पुरती फाइल बनवतं. तिचं नाव तुमच्या फाइलसारखंच असतं, फक्त सुरुवातीला ~$ ही चिन्हं असतात. एरवी ती लपलेली राहते, पण लपलेल्या फाइल दिसण्याची सेटिंग चालू असेल तर नेमकी तीच निवडली जाऊ शकते. तिचा आकार एक केबीच्याही आत असतो आणि आत तुमचा मजकूर अजिबात नसतो. म्हणून आधी वर्ड बंद करा, मग अपलोड करा, आणि फाइलच्या नावाशेजारचा आकार बघा. दहा पानांच्या कामाचा आकार एक केबी असूच शकत नाही.

गूगल डॉक्सचा दुवा मागितलेला नसेल तर देऊ नका. परवानगी तुमच्यापुरतीच राहिली तर मला आतलं काहीच दिसत नाही. डॉक्समधून पीडीएफ डाउनलोड करा आणि ती जोडा.

साम्य तपासणीचा आकडा

अनेक ठिकाणी काम टर्निटिनसारख्या सॉफ्टवेअरमधून जातं. तिथे मजकुराची फाइल लागते. नुसत्या फोटोंची पीडीएफ असेल तर वाचता येण्याजोगी अक्षरं सापडत नाहीत आणि फाइल नाकारली जाते. आकाराची मर्यादा १०० एमबी आहे, पण तिच्या आसपासही जायची वेळ येऊ नये.

अहवालातली टक्केवारी तुमच्या मजकुराचं इतर मजकुराशी किती साम्य आहे एवढंच सांगते. चोरी झाली की नाही हा निर्णय माणूस घेतो. अवतरणचिन्हांतले उतारे, संदर्भसूची, शिक्षकांनी दिलेला प्रश्न, हे सगळं त्या आकड्यात येऊ शकतं. त्यामुळे आकडा बघून घाबरू नका आणि तो कमी करण्यासाठी शब्द इकडेतिकडे फिरवत बसू नका. अहवाल उघडा, रंगवलेला प्रत्येक भाग बघा आणि स्वतःला विचारा: इथे स्रोत दिला आहे का? नसेल तर द्या. वाक्य दुसऱ्याचं असेल तर अवतरणात टाका. मुदतीआधी पुन्हा पुन्हा सबमिट करायची मुभा असेल तर हे आधीच करून बघता येतं, पण टर्निटिनमध्ये पहिल्या तीन वेळांनंतर नवा अहवाल यायला २४ तास लागतात. तेवढा वेळ हाताशी ठेवा.

एआयची मदत घेतली असेल तर तुमच्या विभागाचा नियम काय आहे ते बघा आणि नोंद करायला सांगितलं असेल तिथे प्रामाणिकपणे करा.

जमा झालेलं स्वतः उघडून बघा

आता मी ज्या पायरीसाठी हा सगळा लेख लिहिते आहे ती. बटण दाबून झालं की पानाबाहेर जाऊ नका. पान रिफ्रेश करा. तुमच्या सबमिशनमध्ये जी फाइल दिसते तिच्यावर क्लिक करा, ती डाउनलोड करा आणि उघडा. तुमच्या संगणकावरची मूळ फाइल नव्हे, पोर्टलवरून परत खाली आलेली. मला तीच दिसणार आहे. पहिलं पान, मधलं एखादं पान, शेवटचं पान बघा. विषय बरोबर आहे का, असाइनमेंटचा क्रमांक बरोबर आहे का? याला दोन मिनिटं लागतात, आणि चुकीची फाइल, रिकामी फाइल, अर्धवट चढलेली फाइल, ही सगळी संकटं इथेच पकडली जातात.

मग तारीख, वेळ आणि स्थिती दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. पोचपावतीचा ईमेल येत असेल तर तो निकाल लागेपर्यंत पुसू नका. टर्निटिन डिजिटल पावती देतं, ती जपून ठेवा.

ऐनवेळी काही बिघडलं तर

नोंदली जाते ती सर्व्हरची वेळ, आणि ती अपलोड पूर्ण होतो त्या क्षणाची, सुरू करता त्या क्षणाची नाही. शेवटच्या तासात सगळा वर्ग एकदम चढतो आणि पोर्टल जड होतं, म्हणून मुदतीच्या किमान एक दिवस आधी देण्याचं ठरवा. तरीही अडलंच, तर आधी दुसरा ब्राउझर वापरून बघा, मग वायफाय सोडून मोबाइल डेटावर या, मग फाइलचा आकार कमी करा. पेज हलत नसेल तर तेच बटण पुन्हा पुन्हा दाबू नका. नव्या टॅबमध्ये असाइनमेंट उघडून स्थिती काय दाखवते ते बघा.

मुदत संपायच्या आत काम जात नाही असं दिसलं, की मुदतीच्या आतच शिक्षकांना ईमेल करा, फाइल सोबत जोडा आणि अडचणीचा स्क्रीनशॉटही द्या. लांबलचक खुलासा नको. एवढं पुरतं:

‘आदरणीय मॅडम, मी द्वितीय वर्ष, रोल नंबर ३४. अर्थशास्त्राची दुसरी असाइनमेंट आज रात्री १०:४० पासून अपलोड करण्याचा प्रयत्न करतो आहे, पण फाइल निवडल्यावर पान पुढे जात नाही. दुसऱ्या ब्राउझरवर आणि मोबाइल डेटावरही तेच होत आहे. स्क्रीनशॉट आणि असाइनमेंटची पीडीएफ सोबत जोडली आहे. पोर्टल सुरू होताच तिथेही जमा करेन.’

असा ईमेल आला की काय झालं ते मला लगेच कळतं. फाइल माझ्या हातात असते आणि काम वेळेत झालं होतं हेही दिसतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ‘मॅडम, नेट नव्हतं’ एवढंच सांगणाऱ्याला मदत करायची इच्छा असली तरी हाताशी काहीच पुरावा नसतो. ईमेल केल्यावर पोर्टलवरही काम नक्की चढवा, कारण गुण तिथेच नोंदवायचे असतात.

गुण आल्यावर आकडा बघून पान बंद करू नका. मूडलवर शेरे ‘फीडबॅक’च्या भागात किंवा शेरे लिहून परत दिलेल्या पीडीएफमध्ये असतात, क्लासरूममध्ये फाइलच्या कडेला. सत्र संपलं की बऱ्याच ठिकाणी जुने कोर्स विद्यार्थ्यांसाठी बंद होतात, म्हणून आपलं काम आणि त्यावरचे शेरे त्याआधीच उतरवून घ्या. पुढच्या वर्षी प्रकल्प किंवा शिफारसपत्रासाठी तीच फाइल मागितली जाऊ शकते.